सिलतरा ते दिल्ली : बालशौर्य पुरस्काराची वाटचाल

२ ऑक्टोबर १९५७ रोजी दिल्लीच्या रामलीला मैदानावर खेळ रंगात आला असताना शामियान्याने पेट घेतला. विजेच्या तारांत झालेल्या बिघाडाचे ते निमित्त होते. प्रेक्षकांत पंतप्रधान पंडित जवाहरलाल नेहरू बसलेले होते. तेथे स्वयंसेवक म्हणून काम करीत असलेला हरिश्चंद्र मेहरा हा चौदा वर्षांचा स्काउट वीस फूट उंचीच्या खांबावर चढला आणि कमरेच्या चाकूने त्याने जळते कापड कापून काढले. आत कोंडलेल्या लोकांना त्यामुळे बाहेर पडता आले. मराठीत स्काउटला ‘बालवीर’ हा शब्द फार पूर्वीपासून रूढ आहे. तो त्या रात्री अक्षरशः खरा ठरला. अशा मुलांचा गौरव राष्ट्राने करावयास हवा, असे नेहरूंच्या मनाने घेतले आणि ४ फेब्रुवारी १९५८ रोजी मेहरा व आणखी एक मुलगा यांना त्यांच्याच हस्ते पहिले पुरस्कार देण्यात आले. राष्ट्रीय बालशौर्य पुरस्काराचा उगम हा असा आहे.

योजना चालविण्याचे काम मात्र कोणत्याही सरकारी खात्याकडे गेले नाही. ते भारतीय बालकल्याण परिषदेकडे आले. १९५२ साली स्थापन झालेली ही संस्था स्वयंसेवी. तिच्या शाखा राज्याराज्यांत पसरलेल्या. पुरस्कार पंतप्रधानांच्या हातून, मानाची जागा प्रजासत्ताक दिनाच्या संचलनात, आणि कारभार मात्र एका खाजगी संस्थेचा, अशी ही विभागणी होती. साठ वर्षे ती फारशी कोणाला खटकली नाही. संचलनात हत्तीवर बसून जाणारी मुले पाहण्यासाठी राजपथावर लोक पहाटेपासून ताटकळत उभे राहत. पुढे हत्ती गेले आणि उघड्या जीपगाड्या आल्या. सोय झाली असेल, पण त्या दृश्याची शोभा थोडी उणावलीच.

पुरस्काराची खरी कहाणी राजपथावर घडत नाही. ती घडते अर्जाच्या कागदांत. मूल सहा ते अठरा वर्षांचे असावे, घटना १ जुलै ते ३० जून या वर्षातील असावी, तिची हकिगत थोडक्या शब्दांत लिहिलेली असावी आणि तिला वर्तमानपत्राचे कात्रण किंवा पोलिसांतील नोंद यांसारखा पुरावा जोडलेला असावा. त्याखेरीज दोन शिफारशी हव्यात : शाळेचे मुख्याध्यापक, पंचायतीचे वा जिल्हा परिषदेचे प्रमुख, जिल्हाधिकारी, पोलीस अधीक्षक, राज्य परिषदेचे पदाधिकारी यांपैकी दोघांच्या. नियम रास्त आहेत. शौर्याचा दावा पडताळून पाहिल्यावाचून मान्य करता येत नाही. परंतु तळ्यात उडी घेणाऱ्या मुलाजवळ कात्रण नसते. त्याचा बाप मजुरीवर गेलेला असतो, आणि ज्याचा जीव वाचला त्याच्या घरच्यांना पोलिसांत जाण्याची गरज वाटत नाही. म्हणून गावात एखादे लिहिते माणूस असणे, आणि बहुधा ते शाळेचे गुरुजी असणे, यावर सारे अवलंबून राहते.

सिलतऱ्याचे उदाहरण घेतले म्हणजे हे स्पष्ट होते. रायपूरहून बिलासपूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर धरसीवा विकासखंडातील हे गाव आज पोलाद आणि स्पंज आयर्नच्या कारखान्यांसाठी ओळखले जाते. पहिला पुरस्कार दिला गेला त्या वर्षी ते भाताच्या शेतांचे व तळ्यांचे गाव होते. त्याच्या जेमतेम सव्वा वर्ष आधी, नोव्हेंबर १९५६ मध्ये, रायपूरचा नागपूरशी असलेला राजधानीचा संबंध तुटला होता. मध्य प्रांताची राजधानी नागपूर असताना येथील मराठी माणसाला सरकारी कचेरी परकी वाटत नसे. कारकुनापासून सचिवापर्यंत कोणीतरी ओळखीचे निघेच. भोसल्यांच्या अमलापासून छत्तीसगडात रुजलेल्या मराठी घरांना भोपाळ मात्र भूगोलानेही दूर आणि मनानेही दूर. एखाद्या मुलाचा अर्ज सिलतऱ्याहून रायपूर, रायपूरहून भोपाळ आणि तेथून दिल्ली असा जावयाचा. १ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगड राज्य झाले तेव्हा त्यातील एक मुक्काम गळला. राज्याची स्वतंत्र बालकल्याण परिषद रायपुरातच आली आणि तिच्या वतीने राज्य वीरता पुरस्कारही दिले जाऊ लागले.

या पुरस्कारांच्या मांदियाळीत पुढे काही नावे जोडली गेली. दिल्लीत ऑगस्ट १९७८ मध्ये गीता व संजय चोप्रा या भावंडांनी अपहरणकर्त्यांशी झुंज दिली व त्यांत ती दोघे मारली गेली. त्यांच्या स्मरणार्थ त्याच वर्षी दोन पुरस्कार सुरू झाले. १९८७ साली ‘भारत पुरस्कार’ हा सर्वोच्च सन्मान आला आणि १९८८ साली बापू गायधनी पुरस्कार. हे शेवटचे नाव मराठी वाचकाला वेगळे सांगावयास नको. नाशिकजवळच्या पळसे गावचा हा मुलगा आगीतून इतरांना वाचविताना प्राणास मुकला. दिल्लीच्या यादीत एका मराठी खेडेगावच्या मुलाचे नाव कायमचे कोरले गेले, याचा अभिमान महाराष्ट्राबाहेरच्या मराठी शाळांनी अधिक बाळगावा. कारण आपल्या मुलांना सांगण्याजोगी नावे तेथे कमी पडतात.

जानेवारी २०१६ मध्ये भारत पुरस्कार नागपूरच्या गौरव सहस्रबुद्धे याला मरणोत्तर देण्यात आला. बुडणाऱ्या चार मित्रांना त्याने वाचविले आणि स्वतः तो पाण्यातून वर आला नाही. अशा प्रसंगी पदक स्वीकारणाऱ्या आईबापांकडे पाहताना या योजनेचा सर्वांत अवघड प्रश्न समोर उभा राहतो. मुलांनी जिवावर उदार व्हावे असे राज्यसंस्थेने म्हणावे काय? पुरस्काराचे समर्थक म्हणतात की, पुरस्काराचा विचार करून कोणी पाण्यात उडी घेत नाही. ते क्षणाचे काम असते. हे खरेच आहे. तरीही धडा म्हणून वर्गात शौर्यकथा शिकविताना पोहणे, दोर फेकणे, मोठ्या माणसांना हाक मारणे, हेही शिकवावयास हवे. मुंबईत परळच्या क्रिस्टल टॉवरला २०१८ साली आग लागली तेव्हा झेन सदावर्ते या दहा वर्षांच्या मुलीने ओली फडकी नाकाशी धरावयास सांगून शेजाऱ्यांचा जीव वाचविला. हे ज्ञान तिला शाळेतूनच मिळालेले होते. तिलाही पुढे हा पुरस्कार मिळाला.

जानेवारी २०१८ पर्यंत परिषदेने ९६३ मुलांना गौरविले होते. त्यांत ६८० मुलगे आणि २८३ मुली. मुली शूर नव्हत्या म्हणून ही तफावत पडली असे कोण म्हणेल? मुलगे पाण्यावर, रानात, रस्त्यावर असत आणि मुली घरात. घरातल्या धैर्याला कात्रण मिळत नाही.

त्याच वर्षी साठ वर्षांची घडी विस्कटली. परिषदेच्या आर्थिक व्यवहारांविषयी दिल्ली उच्च न्यायालयात प्रश्न उपस्थित झाले आणि केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाने तिच्या पुरस्कारापासून स्वतःला अलग केले. १९९६ पासून चालत आलेल्या, मुलांच्या असामान्य कर्तृत्वाबद्दलच्या सरकारी पुरस्काराला नवे रूप देऊन ‘प्रधानमंत्री राष्ट्रीय बाल पुरस्कार’ उभा करण्यात आला. जानेवारी २०१९ च्या संचलनात या पुरस्काराचे मानकरी दिसले. परिषदेने निवडलेली मुले दिसली नाहीत. परिषदेने आपला पुरस्कार चालू ठेवला, परंतु राजपथ गेला. मोठ्यांच्या हिशेबाचा निवाडा होईल तेव्हा होवो. त्या वर्षीच्या मुलांचे संचलन तेवढे हुकले.

नव्या योजनेची दृष्टी व्यापक आहे. कला, क्रीडा, समाजसेवा, विज्ञान, नवनिर्मिती आणि शौर्य अशी दालने तिने उघडली. पदक, प्रशस्तिपत्र व एक लाख रुपये असे तिचे स्वरूप ठरले. जानेवारी २०२४ मध्ये १९ मुलांना हा पुरस्कार मिळाला. त्यांत १० मुली होत्या. जुन्या आकड्यांशी ताडून पाहता ही प्रगती डोळ्यांत भरते. पण त्याच १९ जणांत कलेसाठी ७, क्रीडेसाठी ५ आणि शौर्यासाठी अवघे १ मूल होते. कलेला गुरू लागतो, खेळाला मैदान व प्रशिक्षक लागतो. ते देणारे घर किंवा शाळा मुलाच्या पाठीशी असावी लागते. तळ्याकाठच्या मुलाला यांपैकी काहीच लागत नव्हते. एवढे म्हटल्यावर दुसरी बाजूही नोंदविली पाहिजे : डिसेंबर २०२४ च्या मानकऱ्यांत छत्तीसगडच्या कोंडागाव जिल्ह्यातील एक ज्युदोपटू मुलगी होती. दूरच्या वनप्रदेशातही कोणीतरी मैदान आखून दिले, तर काय होते ते तिने दाखविले.

इंग्लंडात १९५६ साली सुरू झालेली ड्यूक ऑफ एडिंबरो योजना किंवा अमेरिकेचा १९७९ चा काँग्रेशनल पुरस्कार यांत निवड नसते. ठरलेले तास सेवा, व्यायाम व कौशल्य यांना दिले की पदक मिळते, मग ते हजारांना मिळो. आपल्याकडे राष्ट्रपती स्काउट पुरस्काराची रीत साधारण तशीच आहे. निवडीचा पुरस्कार आणि कमाईचा पुरस्कार, दोहोंची जागा वेगळी. पहिल्याचा फोटो छापून येतो, दुसरा शाळेचे रोजचे जीवन बदलतो. शाळांनी दुसऱ्याकडे दुर्लक्ष केले आहे, हे मान्य करावयास हवे.

सिलतऱ्यात आता ओडिशा, बिहार, उत्तर प्रदेश आणि विदर्भ येथून आलेल्या कामगारांची मुले शिकतात. मालमोटारींच्या रांगा, विजेच्या तारा आणि उरलीसुरली तळी यांच्यामध्ये त्यांचे बालपण जाते. प्रधानमंत्री बाल पुरस्कारासाठी नामांकन आता संकेतस्थळावर भरता येते. मूल स्वतःही ते भरू शकते, आणि समारंभ जानेवारीऐवजी २६ डिसेंबरला, वीर बाल दिनी, राष्ट्रपतींच्या हस्ते होऊ लागला आहे. राज्याचा वीरता पुरस्कार प्रजासत्ताक दिनी रायपूरच्या पोलीस परेड मैदानावर राज्यपाल देतात. सिलतऱ्याहून ते मैदान बसने तासाभराच्या आतबाहेर आहे.