खान्देशातून समुद्राकडे : रिवॉर्ड पॉइंटचा खरा हिशेब

मे महिन्यात जळगाव-धुळ्याचा पारा ४४-४५ अंशांकडे सरकला, की घरोघरी समुद्राचा विषय निघतो. गोव्याच्या सहलीचा आकडा ऐकला, की बहुधा तो तेथेच थांबतो. अलीकडे या चर्चेत क्रेडिट कार्डावरील रिवॉर्ड पॉइंटची भर पडली आहे. पॉइंटवर फुकट फिरता येते, अशी अनेकांची समजूत असते. प्रत्यक्षात मध्यमवर्गीय कुटुंबाच्या पॉइंटमधून संपूर्ण सहल होत नाही, भाड्याचा काही भाग तेवढा भागतो. तो कोणत्या भाड्यासाठी वापरायचा, हे आधी ठरवले तर चौघांची सहल आवाक्यात येऊ शकते.

रेल्वेने जाणाऱ्यांसाठी आयआरसीटीसी आणि एसबीआय कार्ड यांचे संयुक्त कार्ड हे यातील सोपे उदाहरण. त्याच्या प्लॅटिनम प्रकारात इंधन वगळता इतर खरेदीवर दर १२५ रुपयांमागे १ पॉइंट मिळतो आणि तिकीट काढताना १ पॉइंट १ रुपयाचा धरला जातो. आयआरसीटीसीच्या संकेतस्थळावरून वातानुकूलित वर्गाचे तिकीट काढल्यास दहा टक्क्यांपर्यंत मूल्य पॉइंटच्या रूपाने परत मिळते. अटी बदलत असल्याने अर्ज करण्यापूर्वी त्या वाचून घ्याव्यात. अनेक बँकांच्या साध्या कार्डांवर एका पॉइंटची किंमत जेमतेम २० ते २५ पैसे असते. त्यामुळे ‘दहा हजार पॉइंट’ हा आकडा ऐकून हुरळून जाण्याचे कारण नाही. पॉइंट किती यापेक्षा एक पॉइंट केवढ्याचा, हा प्रश्न आधी विचारावा.

आता हिशेब. किराणा, विजेचे बिल, कपडेलत्ते मिळून महिन्याला १० हजार रुपये कार्डावर खर्च झाले, तर या दराने ८० पॉइंट जमतात, म्हणजे वर्षाचे ९६०. कार्डाचे वार्षिक शुल्क त्यातूनच वजा करायचे. एखाद्या महिन्यात हेच १० हजार रुपये थकले आणि दरमहा साडेतीन टक्के व्याज लागले, तर व्याजाचे ३५० रुपये आणि त्यावरील १८ टक्के जीएसटी मिळून ४१३ रुपये जातात. पाच महिन्यांची कमाई एका चुकीत संपते. बिल दरमहा पूर्ण भरणाऱ्यालाच पॉइंट परवडतात. इतरांनी त्यांच्या वाटेला न गेलेले बरे.

यामुळेच ठिकाण निवडताना भाडे कमी असलेला मार्ग पाहणे महत्त्वाचे. खान्देशाचा समुद्र वाटतो तितका दूर नाही. मुलताईला उगम पावलेली तापी ७२४ किलोमीटर वाहत जाऊन सुरतजवळ डुमसला अरबी समुद्राला मिळते. जळगाव-सुरत हा सुमारे ३०० किलोमीटरचा लोहमार्गही तापीच्या खोऱ्यातूनच जातो. अमळनेर, नरडाणा, दोंडाईचा, नंदुरबार ही त्यावरील स्थानके. धुळे शहरातून या मार्गावर थेट रेल्वे नसल्याने तेथील प्रवाशांनी एसटीने नरडाणा किंवा दोंडाईचा गाठावे. डुमसच्या काळसर वाळूचा किनारा सुरतपासून सुमारे वीस किलोमीटरवर आहे. एका दिवसासाठी तो ठीक. दोन-तीन दिवस राहायचे असेल तर सुरतहून दक्षिणेकडे येऊन डहाणू किंवा घोलवडला उतरावे.

घोलवडला लागूनच बोर्डीचा किनारा आहे. लांबच लांब सपाट वाळू, सुरूची झाडे आणि मागे चिकूच्या वाड्या. डहाणू घोलवडच्या चिकूला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. येथे मोठ्या हॉटेलांपेक्षा घरगुती निवासाची सोय अधिक सोयीची पडते. खोलीचे भाडे दूरध्वनीवर ठरवतानाच जेवणाचे वेगळे पैसे किती, हेही विचारून घ्यावे. वाटेतील जेवणाची चिंता खान्देशी कुटुंबाला नसतेच. दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी दुसऱ्या दिवसापर्यंत सहज टिकते.

पॉइंटपेक्षा मोठी बचत एसटीत आहे. १७ मार्च २०२३ पासून राज्यात महिलांना अर्ध्या तिकिटात प्रवास करता येतो. ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांनाही अर्धे तिकीट लागते, तर ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना २०२२ पासून प्रवास मोफत आहे. ही सवलत राज्याच्या हद्दीपुरतीच असल्याने सुरतच्या बसमध्ये ती सीमेपर्यंतच लागू होते. मात्र नाशिक, त्र्यंबकेश्वर, जव्हारमार्गे डहाणूकडे उतरल्यास सारा रस्ता महाराष्ट्रातूनच जातो. आजी, आई आणि मुलगी असे कुटुंब असेल, तर या वाटेने वाचणारी रक्कम वर्षभराच्या पॉइंटशी स्पर्धा करते. घाट आणि गाडी बदलण्याचा त्रास मात्र गृहीत धरावा.

रेल्वेत ज्येष्ठांची सवलत मार्च २०२० पासून बंद आहे. पाच ते बारा वर्षांच्या मुलासाठी स्वतंत्र बर्थ घेतल्यास पूर्ण भाडे पडते. बर्थ नको असेल तरच अर्धे. आगाऊ आरक्षण १ नोव्हेंबर २०२४ पासून १२० ऐवजी ६० दिवस आधी उघडते. म्हणजे मेच्या मध्याला निघायचे असेल, तर मार्चच्या मध्यालाच तिकीट काढावे लागेल आणि पॉइंट त्यापूर्वी खात्यात जमा झालेले हवेत. पॉइंटची मुदत संपत नाही ना, तेही पाहावे.

रत्नागिरी किंवा गोवाच हवे असेल, तर भुसावळवरून जाणारी मंगला एक्स्प्रेस गाडी न बदलता कोकण रेल्वेने पोहोचवते. दिल्लीकडून येणारी असल्याने सुटीत तिच्यात जागा मिळणे अवघड असते. जळगावहून गोव्यासाठी फ्लाय ९१ ची विमानसेवा एप्रिल २०२४ मध्ये सुरू झाली. वेळापत्रक पाहून तिचा विचार करता येईल. पण चौघांच्या विमान तिकिटांपुढे ९६० पॉइंट किरकोळ ठरतात.

बोर्डीला जाण्याची तारीख ठरवताना आरक्षणासोबत पंचांगही पाहावे. ओहोटीला येथील पाणी फार दूर जाते आणि मुले हिरमुसतात. तिथीची पाऊणपट केली की भरतीची ढोबळ वेळ मिळते, हा किनाऱ्यावरचा जुना हिशेब आहे. अष्टमीला तो सहा येतो, म्हणजे संध्याकाळी सहाच्या सुमारास पाणी जवळ असते. पौर्णिमेला सव्वाअकरा येतात, तेव्हा संध्याकाळी समुद्र दूर गेलेला असतो. मुंबईच्या उत्तरेला या वेळा किंचित पुढे सरकतात. सपाट वाळूवर भरतीचे पाणी झपाट्याने चढते. त्यामुळे मुलांना ओहोटीच्या पाण्यामागे आत जाऊ देऊ नये आणि पोहण्यापूर्वी गावातील मच्छीमारांना विचारावे.