मावठ्यातला हरवलेला ‘ह’

जानेवारीतली सकाळ, खानदेशातल्या एका एस.टी. स्थानकाबाहेरची चहाची टपरी. रात्री दीड-दोन तास सरी येऊन गेल्या होत्या. थंडी पळाली होती आणि हवेत जून महिन्याचा, म्हणजे चुकीच्या महिन्याचा, वास होता. बाकावर बसलेला एक जण शेजारच्या म्हाताऱ्याला खुशीत म्हणाला, “मावठा झाला आबा, गव्हाचं एक पाणी वाचलं.” आबांची वीटभट्टी असावी. बशीतला चहा संपवून ते म्हणाले, “तुझं वाचलं रे भाऊ. माझ्या कच्च्या विटांचा परत गारा झाला. कसला मेला मावठा!” मोबाइलमध्ये डोकं घातलेला एक मुलगा मध्येच म्हणाला, “अवकाळी आहे, अजून दोन दिवस सांगितलाय.”

गव्हाचे आणि विटांचे पटणार नाही, हे उघड आहे. मला गंमत वाटली ती दुसऱ्याच गोष्टीची. एकमेकांविरुद्ध बोलणाऱ्या त्या दोघांचा शब्द एकच होता, आणि ज्याला त्या पावसाचे काही देणेघेणे नव्हते त्याच्या शब्दात मात्र निकाल आधीच लागलेला होता. मावठा हे नुसते नाव आहे, अवकाळी हा ठपका आहे. तेव्हापासून मावठा डोक्यातून जाईना.

भाऊबंद शोधायला लांब जावे लागत नाही. गुजरातीत मावठुं, राजस्थानात मावठ, हिंदीत महावट. लिंगे पाहा: हिंदी-राजस्थानीत स्त्री, गुजरातीत नपुंसक आणि आमच्या टपरीवर पुरुष. एका पावसाने तिन्ही लिंगे उपभोगली आहेत. अर्थ सगळीकडे तोच, पौष-माघात पडणारा हिवाळी पाऊस. हिंदी महावट पाहून कुणालाही आधी ‘महा’ म्हणजे मोठा असे वाटेल, पण हा पाऊस कुठेच मोठा नसतो. चार सरी, फार तर दोन दिवसांचे मळभ. तेव्हा ‘महा’ इथे मोठेपणाचा नसावा. तो माघाचा असावा.

दोन स्वरांच्या मधला ‘घ’ प्राकृतात घासून ‘ह’ होतो, ही तर रोजच्या ओळखीची चाल आहे. मेघाचा मेह झाला आणि जुन्या मराठीत त्याचे मेहुडे झाले. प्राघुण होता तो पाहुणा झाला. तसाच माघाचा माह. गुजराती माणूस आजही महिने मोजताना कारतक, मागशर, पोष, महा असेच म्हणतो. म्हणजे ‘महा’ हा आपला माघच, यात शंका उरू नये.

इथे एका फसव्या माहाला वाट दिली पाहिजे. सरकारी पत्रात ‘माहे जानेवारी’ असते, पगार ‘दरमहा’ असतो. तो माह फारसी, चंद्र आणि महिना असे दोन्ही अर्थ असलेला. आपला ‘महिना’ त्याच घरचा. हा फारसी माह संस्कृत ‘मास’चा सख्खा चुलतभाऊ, कारण तिकडे ‘स’चा ‘ह’ होतो (सिंधूचा हिंदू झाला तसा). पण माघाशी त्याचे रक्ताचे नाते नाही. एक ‘ह’ घ-मधून आला, दुसरा स-मधून. दोघे एकाच वेषात एकाच दारात उभे. ‘माहे माघ’ असे कुणी कचेरीत लिहिले, तर ते दोन वंश एका ओळीत बसवत असते.

माघ हे नाव मघा नक्षत्रावरून आले. या महिन्याची पौर्णिमा मघांच्या आसपास होते म्हणून माघ. आता आपल्या शेतकऱ्याचा नक्षत्रांचा हिशेब आठवा: मृग, आर्द्रा, पुनर्वसू, पुष्य, आश्लेषा, मघा. ऑगस्टच्या उत्तरार्धात सूर्य मघांत असतो तेव्हाचा मघांचा पाऊस वेगळा. सहा महिन्यांनी त्याच मघांत पौर्णिमेचा चंद्र येतो, तेव्हाचा पाऊस म्हणजे मावठा. एकाच नक्षत्राच्या नावे दोन पाऊस, एक सूर्याच्या खात्यावर, दुसरा चंद्राच्या. आणि वेदांत ‘मघ’ म्हणजे दान, धन. इंद्राचे एक नाव मघवा, देणारा. पाऊस पाडणाऱ्या देवाचे नाव हिवाळी पावसाच्या नावाला असे मागच्या दाराने येऊन चिकटावे, हा योगायोगच असावा. तरी सोडवत नाही.

शब्दाचा दुसरा तुकडा जास्त अवघड. ‘वट’ म्हणजे काय? हिंदीतल्या सजावट, बनावट, थकावट या पंक्तीत महावट बसवता येते, पण सजावट सजण्यापासून झाली, थकावट थकण्यापासून. माघ ही काही क्रिया नव्हे. मला ‘वृष्टि’ किंवा ‘वृष्ट’ अधिक पटते. संस्कृत ‘ष्ट’चा प्राकृतात ‘ट्ठ’ आणि पुढे ‘ठ’ होतो, जशी मुष्टीची मूठ आणि दृष्टीची दीठ. पश्चिमेकडच्या रूपांत, मावठ, मावठुं, मावठा यांत, हा ‘ठ’ जिवंत आहे. जुन्या गुजराती-राजस्थानीत पाऊस ‘वूठतो’, म्हणजे वर्षतो, तेव्हा वृष्ट तिकडे अनोळखी नाही. हिंदीने ‘ठ’चा ‘ट’ केला तो सजावट-बनावटीच्या संगतीने केला असावा, आणि माह-चे महा- केले ते मोठेपणाच्या मोहाने. संगतीने शब्द बिघडतात तसे सुधारतातही. इथे काय झाले ते ज्याने त्याने ठरवावे.

एक अडचण राहते. वृष्टीतल्या ‘ऋ’चे काय झाले? गुजराती-राजस्थानी ‘वूठ’मध्ये तिचा ‘उ’ झालेला दिसतो, मग मावठ्यात ‘अ’ कुठून आला? ‘ऋ’चा ‘अ’ ही मराठीची आवडती खोड. पृष्ठाची पाठ, मृत्तिकेची माती, तृणाचे तण. भाषाशास्त्रज्ञ झ्यूल ब्लॉक यांनी मराठीची घडण तपासताना या खोडीकडे लक्ष वेधले होते. या हिशेबाने ‘वठ’ मराठी वळणाचा ठरतो. पण मग ‘ह’ कुठे गेला? मराठी माणूस पाहुण्याचा ‘ह’ सोडत नाही. गुजरातीत तोच पाहुणा ‘परोणो’ होतो आणि ‘ह’ उंबऱ्यातच गळतो. माहवठाचा मावठा करणारी जीभ गुजराती वाटते, वृष्टचा वठ करणारी मराठी. शब्दाच्या मधोमध, उच्चारात जोर नसलेल्या जागी, ‘उ’ सहज पुसट होऊन ‘अ’ उरतो, असे म्हणून ही गाठ सोडवता येईल. माझा कौल गुजरातीकडे आहे: शब्द तापी-नर्मदेच्या खोऱ्यातून, व्यापाऱ्यांच्या आणि बैलगाड्यांच्या वाटेने आपल्याकडे आलेला दिसतो. आपल्याकडचा हिवाळी पाऊस बहुधा मार्गशीर्ष-पौषातच पडून जातो. त्याला माघाचे नाव आपण आपणहून दिले नसते.

उत्तरेला मात्र ते शोभते, आणि तिथला माघ पौर्णिमान्त पद्धतीमुळे आपल्याहून पंधरा दिवस आधीच सुरू होतो. त्या काळात पश्चिमेकडून जे वादळी पट्टे येतात, त्यांना हवामानाच्या बातम्यांत ‘पश्चिमी विक्षोभ’ म्हणतात. क्षोभ कसला, बहुतेक वेळा भुरभुरच! हे पट्टे भूमध्य समुद्राकडून निघतात, इराण-अफगाणिस्तान ओलांडून पंजाबात उतरतात. ज्या समुद्रावरून ते निघतात त्याच्या काठावर हिवाळा आणि पाऊस या दोन वेगळ्या गोष्टीच नाहीत. अरबीत ‘शिता’ म्हणजे हिवाळा. सीरिया-लेबनॉनच्या बोलीत पाऊस पडतोय हे सांगायला त्याच शब्दाचे क्रियापद वापरतात, आणि माल्टाच्या भाषेत ‘शिता’ म्हणजे चक्क पाऊस. ऋतूचे नाव पावसाला गेले. आपणही तेच केले आहे, फक्त उलट्या ऋतूत. ‘पाऊस’ आला ‘प्रावृष्’पासून, आणि प्रावृष् म्हणजे पाणी नव्हे, वर्षाऋतू. मराठीत पाऊस हा मुळातच पावसाळा आहे. म्हणून ‘हिवाळ्यात पाऊस’ म्हणताना आपण मुळाच्या दृष्टीने ‘हिवाळ्यात पावसाळा’ म्हणत असतो, आणि भाषेला ते खटकते. तिने त्याला वेगळे नाव शोधले, नाही सापडले तिथे दूषण दिले.

ते दूषण म्हणजे अवकाळी. संस्कृतात ‘अकालवृष्टि’ होती, अकाल एवढेच म्हणणारी, वेळ नव्हे. (हिंदीने पुढे ‘अकाल’ दुष्काळाला देऊन टाकला; पाऊस वेळेवर नसण्यापासून पाऊसच नसण्यापर्यंत.) मराठीने ‘अव’ लावला आणि शब्द अवलक्षण, अवदसा, अवकळा यांच्या मेळ्यात जाऊन बसला. ‘बिगरमोसमी’ त्या मानाने सभ्य. मोसम हा अरबी ‘मौसिम’, मुळात खूण करणे, डागणे या धातूचा, ठरलेली वेळ दाखवणारा. तोच पोर्तुगिजांच्या तोंडून फिरून मान्सून झाला. तो बापडा फक्त कॅलेंडर दाखवतो. ज्या पिकाला हा पाऊस लागतो त्या ‘रब्बी’चे नावही अरबी, ‘रबीअ’ म्हणजे वसंत, आणि जुन्या अरबांच्या लेखी पावसानंतर उगवणारे हिरवे कुरण. रब्बीच्या पावसाला अवकाळी म्हणणे त्या नावाला रुचत नसेल.

मतभेद अर्थात जुना आहे. उत्तरेत घाघाच्या नावावर चालणारी म्हण सांगते की अगहनात पाऊस झाला तर पीक दुप्पट, आणि फाल्गुनात झाला तर घरचेही जाते. बंगालात खनेच्या नावावरची वचने नेमकी उलटी: अग्रहायणात पाऊस पडला तर राजा भीक मागायला निघतो, पौषात पडला तर तुसालाही पैसे येतात, माघाच्या शेवटी पडला तर राजा आणि देश धन्य, आणि फाल्गुनात पडला तर राळ्यासारखी बारीक धान्ये दुप्पट. अगहन आणि अग्रहायण म्हणजे आपला मार्गशीर्षच. एकाच महिन्यात घाघाचा शेतकरी गहू पेरून बसलेला, खनेचा शेतकरी पिकलेला भात कापत असलेला. दोघेही खरे बोलतात. आणि तंजावरकडच्या मराठी मंडळींना विचाराल, तर ज्याला आपण अवकाळी म्हणतो तो त्यांचा खरा पावसाळा. तमिळनाडूचा जवळजवळ निम्मा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबरातला.

आपल्याकडे हे घाघ आणि खना एकाच जिल्ह्यात भेटतात. राजस्थानात मावठीच्या थेंबांना सोन्याचे थेंब म्हणतात. नाशकात द्राक्षाचा मणी त्याच थेंबाने तडकतो. कोरडवाहू हरभऱ्याला एक सर मानवते, पण पहाटे हात फिरवला तर बोटांना जी आंबट आंब लागते ती धुऊन जाते, आणि मागून आभाळ राहिले तर घाट्यांवर अळी येते. कोकणात आंब्याचा मोहोर काळा पडून गळतो. हा मोहोर ‘मुकुल’ किंवा ‘मुकुर’पासूनचा असावा, सोन्याची मोहर फारसी, पण देवगड-रत्नागिरीच्या बागायतदाराला हा भेद समजावायला मी जाणार नाही.

मराठीने मावठ्याशेजारी एक चावट शब्दही ठेवला आहे: वठणे. झाड वठते तेव्हा ते वाळते आणि नाटकातली भूमिका वठते तेव्हा ती जमते. त्याचे मावठ्याशी मूळचे नाते नसावे, पण मावठा वठला असे कुणी म्हणाले तर गव्हाचे ऐकायचे की मोहोराचे, हे त्याच्या सातबाऱ्यावरूनच ठरेल.

माझा मुद्दा ‘ह’वर अडला आहे. धुळे, नंदुरबार, बुलढाणा, वऱ्हाड या बाजूला, विशेषतः जुन्या माणसांच्या तोंडी, ‘माहवठा’, ‘माहोट’ किंवा ‘म्हावठ’ असा ‘ह’ राखलेला उच्चार कुणी ऐकला असेल, तर गावाच्या नावासह जरूर कळवावे. तसा एक जरी सापडला, तरी वर गुजरातीला दिलेला कौल मला मागे घ्यावा लागेल.