श्रद्धा, दातृत्व आणि दुष्काळ : पंडिता रमाबाई व केडगावचे मुक्ती मिशन

एकोणिसाव्या शतकातील महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासात पंडिता रमाबाई (१८५८-१९२२) यांचा विचार प्रामुख्याने स्त्रीशिक्षण व धर्मांतर या दोन अंगांनी झाला आहे. त्यांच्या संस्थेच्या अर्थव्यवहाराकडे त्या मानाने कमी लक्ष गेले. वस्तुतः ईश्वरावरील विश्वास आणि दातृत्व या ख्रिस्ती कल्पनांना व्यवहारात कोणते रूप आले, हे तेथेच अधिक स्पष्टपणे दिसते.

दान ही गोष्ट रमाबाईंना नवी नव्हती. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पुण्यप्राप्तीसाठी तीर्थक्षेत्री दानधर्म करीत जवळची पुंजी संपविली होती. पुढे १८७० च्या दशकातील दुष्काळात आईवडील व थोरली बहीण यांचा अंत झाला. भुकेची ही प्रत्यक्ष ओळख त्यांच्या पुढील कार्याच्या मुळाशी आहे.

इंग्लंडमध्ये १८८३ साली त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत सुरू झालेल्या शारदा सदनाचा आर्थिक भार बोस्टन येथील अमेरिकन रमाबाई असोसिएशनने दहा वर्षांसाठी उचलला होता. १८९० मध्ये सदन पुण्यास आले. विद्यार्थिनींचा कल ख्रिस्ती धर्माकडे वळत असल्याच्या वादातून १८९३ मध्ये रानडे, भांडारकर प्रभृती सल्लागार मंडळातून बाहेर पडले. स्थानिक पाठबळ आटले आणि परदेशी मदतीची मुदतही संपत आलेली, अशा स्थितीत रमाबाईंनी केडगाव येथे सुमारे शंभर एकर जमीन घेतली. फळबागेच्या उत्पन्नावर सदन चालावे, हा त्यामागील हेतू होता. पुणे जिल्ह्याच्याच पश्चिमेस मुळशीत, कोळवण परिसरात भात पिकतो. पूर्वेकडील केडगाव मात्र अवर्षणाचा प्रदेश. तेथे विहिरी खोदल्याशिवाय बाग उभी राहणे शक्य नव्हते.

ही योजना हिशेबी होती. १८९६-९७ च्या दुष्काळाने ती मोडली. रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि सुमारे तीनशे मुली व स्त्रिया घेऊन आल्या. प्लेगच्या निर्बंधांमुळे त्यांना पुण्यात ठेवणे अशक्य झाले, आणि बागेच्या जमिनीवर तात्पुरते निवारे उभे राहिले. १८९९-१९०० च्या दुष्काळात गुजरातमधूनही मुली आल्या आणि आश्रितांची संख्या दोन हजारांच्या घरात गेली. आधी उत्पन्न पाहून मग आश्रितांची संख्या ठरवावी, हा संस्थांचा सर्वसाधारण नियम. केडगावी तो उलटा झाला.

या धाडसामागे ब्रिस्टलचे जॉर्ज म्यूलर यांचा आदर्श होता. माणसांकडे न मागता केवळ प्रार्थनेच्या बळावर अनाथालये चालविल्याबद्दल ते ख्यात होते. अर्थात, म्यूलर आपले वार्षिक अहवाल छापीत असत आणि मुक्तीच्या पत्रिकाही परदेशी वाचकांपर्यंत जात. त्यामुळे ‘न मागणे’ हे शब्दशः घेणे योग्य ठरणार नाही. तरीही मिळणाऱ्या देणगीची आगाऊ हमी कोणतीच नव्हती, हेही तितकेच खरे. शिवाय विश्वास म्हणजे स्वस्थ बसणे असा अर्थ तेथे कधीच झाला नाही. शेती, विणकाम, छापखाना ही कामे स्त्रियाच करीत. अंध स्त्रियांसाठी बार्तीमी सदन होते.

या दातृत्वाची एक बाजू अडचणीची आहे. अन्नावाचून आलेल्या मुलीच्या धर्मस्वीकारात तिची स्वतंत्र इच्छा किती, हा समकालीन टीकाकारांचा प्रश्न केवळ सनातनी रोष म्हणून निकालात काढता येत नाही. परंतु त्या मुलींना त्या वेळी दुसरे कोणते दार उघडे होते, हेही त्यासोबत विचारावे लागते.

कन्या मनोरमाबाई १९२१ मध्ये निवर्तल्या आणि ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंचे निधन झाले. त्यांनी केलेले बायबलचे मराठी भाषांतर केडगावच्याच छापखान्यात, तेथील स्त्रियांच्या हातून छापले गेले. संस्थेचे काम केडगावी आजही चालू आहे.