रिगमरोल

रिगमरोल : इंग्रजी नाम. (१) एका गोष्टीतून दुसरीत घरंगळत जाणारे, धरबंध नसलेले लांबलचक बोलणे वा लिहिणे, पाल्हाळ, चऱ्हाट. (२) साध्या कामासाठी करावी लागणारी किचकट, वेळखाऊ उठाठेव, विशेषतः कागदपत्रांची. दुसरा अर्थ नंतरचा. अमेरिकेत ‘रिगामरोल’ असाही उच्चार रूढ आहे.

कोशकार या शब्दाचे मूळ ‘रॅगमन रोल’ या मध्ययुगीन जोडशब्दात दाखवतात. रोल म्हणजे चर्मपत्राची गुंडाळी. ‘रॅगमन’ हा तेराव्या शतकातला करमणुकीचा खेळ. गुंडाळीवर माणसांचे स्वभाव आणि नशीब सांगणारी कडवी लिहिलेली असत व प्रत्येक कडव्याला एक दोरी बांधलेली असे. मिटलेल्या गुंडाळीतून ज्याने जी दोरी ओढली, ते कडवे त्याचे. कुणाच्या वाट्याला स्तुती येई, कुणाच्या वाट्याला शिवराळ थट्टा. अँग्लो-नॉर्मन बोलीतले असे एक काव्य ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयातील ‘डिग्बी ८६’ या हस्तलिखितात आहे. एका कडव्याचा पुढच्याशी संबंध नसल्यामुळे सलग वाचल्यास ते भरकटल्यासारखे वाटते.

याच नावाची दुसरी गुंडाळी राजकीय आहे. १२९६ मध्ये इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड याने स्कॉटलंड जिंकून बेरिक येथे तिथले सरदार, धर्मगुरू व जमीनदार यांच्याकडून निष्ठेच्या शपथा घेतल्या. शपथपत्रांना प्रत्येकाची मोहर लोंबत असे. या नोंदी ‘रॅगमन रोल्स’ म्हणून ओळखल्या जातात. पुढे राजा झालेल्या रॉबर्ट ब्रूसचे नाव त्यांत आहे, विल्यम वॉलेसचे नाही. पराभूत राष्ट्राच्या मानहानीची ही यादी असल्याने शब्दाचा उगम सांगताना तिचाच दाखला आधी दिला जातो. मात्र तिला जन्मस्थान मानणे पटत नाही, कारण एडवर्डच्याच १२७६ च्या एका कायद्याला ‘रॅगमन’ हे नाव आधीच मिळाले होते. लोंबत्या दोऱ्या आणि लोंबत्या मोहरा यांच्या साम्यामुळे नाव एकीकडून दुसरीकडे गेले असावे, हे अधिक सयुक्तिक वाटते. चौदाव्या शतकात विल्यम लँगलंडने आपल्या काव्यात मोहरा लावलेल्या धर्माज्ञापत्रालाही हाच शब्द वापरला आहे.

सोळाव्या शतकापर्यंत ‘रॅगमन रोल’ म्हणजे कोणतीही लांबलचक यादी, असा अर्थ झाला होता. खेळ विस्मरणात गेला, ‘रॅगमन’चा अर्थ कळेनासा झाला आणि बोलणाऱ्यांच्या तोंडी शब्द झिजत गेला. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात आजचे रूप लिखाणात आढळू लागते. १८१९ मध्ये लॉर्ड बायरनने ‘डॉन जुआन’च्या पहिल्या सर्गात एका नवऱ्याच्या भाषणाला हाच शब्द लावला.