‘हेअर’ : संहिता, प्रयोग आणि पूर्वनियंत्रण

नाटकाची संहिता आणि त्याचा प्रयोग यांतील नाते हा नाट्यसमीक्षेतील जुना वाद. जेरोम रॅग्नी व जेम्स रॅडो लिखित, गाल्ट मॅक्डरमॉट यांचे संगीत असलेल्या ‘हेअर’ या रॉक संगीतिकेच्या बाबतीत तो थेट न्यायालयात गेला.

१७ ऑक्टोबर १९६७ रोजी न्यूयॉर्कच्या पब्लिक थिएटरमध्ये ती प्रथम सादर झाली. २९ एप्रिल १९६८ रोजी ती ब्रॉडवेवर आली, तेव्हा ‘ला मामा’च्या प्रायोगिक परंपरेतील दिग्दर्शक टॉम ओहॉर्गन यांनी तिचे रूप पालटले होते. कथानक विरळ झाले, गाणी वाढली, नग्नतेचे दृश्य आले. व्हिएतनाम युद्धासाठीच्या सक्तीच्या भरतीला सामोरा जाणारा क्लॉड कायम राहिला. मात्र आशयाचा भार संवादांवरून समूहाच्या गायनावर व देहावर सरकला. लंडनचा पहिला प्रयोग २७ सप्टेंबर १९६८ रोजी, म्हणजे लॉर्ड चेंबरलेनचा नाट्यपरीक्षणाचा अधिकार रद्द करणारा कायदा अमलात आल्याच्या दुसऱ्याच दिवशी झाला.

अमेरिकेतील दौऱ्यांत मात्र विरोध झाला. १९७१ मध्ये टेनेसी राज्यातील चॅटनूगा शहराच्या नाट्यगृह मंडळाने सहा दिवसांच्या प्रयोगांसाठी रंगमंच नाकारला. मंडळाच्या सदस्यांनी प्रयोग पाहिला नव्हता, संहिताही वाचली नव्हती. जिल्हा न्यायालयाने शब्द आणि कृती यांची फारकत केली : शब्दांना अभिव्यक्तिस्वातंत्र्याचे संरक्षण असले, तरी नग्नतेसारखी कृती ही अभिव्यक्ती नव्हे, असे मानून मंडळाचा निर्णय उचलून धरला.

सर्वोच्च न्यायालयाने १९७५ मध्ये तो निर्णय फिरविला. अश्लीलतेचा प्रश्न त्याने अनिर्णीतच ठेवला. आवश्यक न्यायिक संरक्षणाविना घातलेले पूर्वनियंत्रण अवैध ठरविले. न्यायमूर्ती ब्लॅकमन यांच्या मते शब्द व जिवंत कृती यांचे मिश्रण हा रंगभूमीचा स्वभावच असून, तेवढ्यावरून तिला सर्वस्वी वेगळा निकष लावता येत नाही.

प्रयोगाचे जे वैशिष्ट्य समीक्षा त्याचे सामर्थ्य मानते, तेच कनिष्ठ न्यायालयाने त्याच्याविरुद्ध वापरले होते. संहितेलाच नाट्यकृतीचे सारसर्वस्व मानणारी भूमिका अशा वेळी निरुपद्रवी राहत नाही. देहाला अर्थाबाहेर ढकलण्याचा मार्ग ती नकळत मोकळा करते. निकाल लागला तेव्हा ब्रॉडवेवरील १,७५० प्रयोगांनंतर १९७२ मध्येच पडदा पडलेला होता. त्यामुळे या निकालाचे मोल ‘हेअर’पेक्षा नंतरच्या रंगभूमीच्या पदरात अधिक पडले.