ठासणीच्या बंदुकीपासून रेझांग लापर्यंत

धाराशिवच्या शेतसाऱ्यावर एके काळी एक फौज पोसली गेली. तीच फौज आज कुमाऊँ रेजिमेंट म्हणून देशाच्या सीमेवर उभी आहे.

तिचा प्रारंभ 1813चा. निजामाच्या दरबारातील इंग्रज रेसिडेंट हेन्री रसेल याने हैदराबादेत दोन पलटणी उभ्या केल्या. कवायत, पोशाख आणि हत्यारे ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेसारखीच. त्या काळी कंपनीच्या शिपायाच्या खांद्यावर 39 इंच नळीची ‘ब्राऊन बेस’ बंदूक असे. शिपाई कागदी काडतूस दातांनी फोडी, चिमूटभर दारू चापाजवळच्या खळग्यात घाली आणि उरलेली दारू, गोळी, कागद गजाने नळीत ठाशी. गारगोटीची ठिणगी पडली की बार उडे. मुरलेला शिपाई मिनिटाला तीन बार काढी. दारू भिजली, तर भिस्त उरे ती संगिनीवरच.

1817 साली ही फौज महिदपूरला होळकरांविरुद्ध लढली. 1819 मध्ये तिने हदगाव भागातील नोव्हा गढीवर नोवसाजी नाईक हटकरांचा उठाव मोडला. मराठवाड्याच्या माणसाला हे पान बोचते, पण ते गाळून ही वाटचाल सांगता येणार नाही.

पुढे पगार थकू लागले, निजामावर कर्ज चढले. अखेर 21 मे 1853च्या तहाने फौजेच्या खर्चापोटी वऱ्हाड, रायचूर दोआब आणि नळदुर्ग-धाराशिवचा मुलूख इंग्रजांनी ताब्यात घेतला. किमान 5,000 पायदळ, 2,000 घोडदळ आणि चार तोफखाने बाळगण्याचे ठरले. नळदुर्गचा कारभार मेडोज टेलर याच्याकडे आला. तो स्वतः निजामाच्या फौजेत राहिलेला. 1860 साली धाराशिव निजामाला परत मिळाले. म्हणजे सात वर्षे इथल्या कुणब्याच्या घामातून शिपायाचा पगार निघत होता. फौजेच्या इतिहासात सेनापतींची नावे आहेत; या कुणब्यांचा वाटाही तितकाच मोलाचा आहे.

1903 मध्ये ही फौज हिंदी लष्करात विलीन झाली. 1922 साली तिच्या पायदळाची 19वी हैदराबाद रेजिमेंट झाली आणि 1945 मध्ये तिला कुमाऊँ हे नाव मिळाले. 3 नोव्हेंबर 1947 रोजी काश्मीरमधील बडगामला 4 कुमाऊँचे मेजर सोमनाथ शर्मा धारातीर्थी पडले. ते देशाचे पहिले परमवीरचक्र विजेते. 18 नोव्हेंबर 1962 रोजी लडाखमधील रेझांग ला येथे कुमाऊँच्याच मेजर शैतान सिंग यांच्या तुकडीने .303 रायफलींनिशी चिनी सैन्याला शेवटपर्यंत तोंड दिले.

नळदुर्ग आणि धाराशिवच्या शाळांतून मुलांना हे नाते सांगितले जावे.