वरातीतला खर्ज

अमरावती-अकोल्याकडच्या वरातीत बँडवाल्याच्या अंगाला वेढा घालून डोक्यावर परातीएवढे तोंड उघडणारा सूझाफोन आजही दिसतो, पण बहुतेक वेळा शोभेपुरताच. त्याला निरुपयोगी ठरवणे मला अन्यायाचे वाटते. लग्नातल्या बँडने पोशाख आणि वाद्ये लष्कराकडून उचलली. 1853 च्या तहाने वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली आला तो हैदराबाद कंटिंजंट या फौजेच्या खर्चापोटी, आणि एलिचपूरला, म्हणजे आजच्या अचलपूरला, तिची छावणी होती. सूझाफोन मात्र त्यानंतर जन्मला, तोही रस्त्यासाठी नाही. आधीचा हेलिकॉन असाच अंगाभोवती गुंडाळलेला असे. त्याचा आवाज थेट अंगावर येतो, ही अमेरिकी बँडप्रमुख जॉन फिलिप सूझा यांची तक्रार होती. म्हणून 1893 मध्ये जे. डब्ल्यू. पेपर यांनी आणि 1898 मध्ये सी. जी. कॉन यांनी आभाळाकडे तोंड असलेली वाद्ये घडवली. समोर तोंड असलेला, आपल्या ओळखीचा घाट त्यानंतर दहाएक वर्षांनी आला.

तोंड कुठेही वळवले तरी खर्ज सगळीकडेच जातो, मग घाटाने काय फरक पडतो, असे कोणी विचारील. आक्षेप अर्धा खरा आहे. बी-फ्लॅट सूझाफोनची नळी सुमारे 18 फूट लांब. तिच्या 58 कंपनांच्या खर्जाची लहर जवळपास 6 मीटरची, आणि तोंड जेमतेम 26 इंचांचे. एवढी मोठी लहर त्या तोंडाने एका दिशेला वळत नाही. वळतात ते वरचे स्वरांश, आणि सूर कुठे सुरू झाला हे कानाला त्यांच्यामुळेच कळते. सभागृहात वर गेलेले स्वरांश छतावरून परततात. मोकळ्या रस्त्यावर ते आभाळात विरतात. त्यामुळे रंगमंचाला जुना घाट शोभतो, वरातीला समोर तोंडाचाच हवा. 1960 च्या दशकात आलेल्या फायबरग्लासच्या सूझाफोनमध्ये पितळेची झळाळी कमी असली, तरी दोन-तीन तास चालणाऱ्या खांद्याला त्याचे हलके वजन मोठा दिलासा देते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. आपल्या बँडचे संगीत एका चालीचे, पाश्चात्त्य स्वरमेळाचे नाही. शिवाय ठेका ढोल धरतो आणि गाण्याचा जोर गाडीवरचे स्पीकर पेलतात. मग सूझाफोनला काम कोणते? उत्तर आपल्याच सनईकडे आहे. तिच्या साथीला एकजण अखंड सूर धरून असतो, आणि चाल त्या सुरावर उभी राहते. बी-फ्लॅट सूझाफोनची एकही कळ न दाबता काळी पाचचा षड्ज आणि त्याचा पंचम दोन्ही निघतात. ई-फ्लॅट वाद्य हेच काळी दोनमध्ये देते. सूर धरायला याहून सोपे पितळी वाद्य शोधावे लागेल. स्पीकरचा दणका छातीला बसतो, पण चालणाऱ्या वादकाच्या श्वासाबरोबर तो गाण्याच्या वळणावर थांबत किंवा चढत नाही. वऱ्हाडातल्या बँडमालकांनी हे वाद्य निदान वरातीच्या पहिल्या गाण्याला, स्पीकर बंद ठेवून, षड्ज धरायला लावावे.